अमेरिकी विद्यापीठांचा प्रथम वर्षाचा अर्ज : खान्देशातील विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

बारावीनंतर थेट अमेरिकेतील एखाद्या निवडक विद्यापीठात पदवीसाठी जाण्याचा विचार जळगाव, धुळे, नंदुरबारकडील काही घरांतूनही होऊ लागला आहे. या अर्जांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. सीईटी, नीट किंवा जेईईची गुणवत्ता यादी डोळ्यांसमोर ठेवून हा अर्ज भरला जातो. या विद्यापीठांना कटऑफ नसतो. आपल्या शाळेत आणि घरात जे उपलब्ध होते, त्यातून या विद्यार्थ्याने काय केले, हे तपासण्यासाठी अर्ज वाचला जातो, आणि म्हणूनच नव्वद टक्क्यांच्या पुढचे अनेक अर्जही नाकारले जातात.

कोणते विद्यापीठ कशाला किती महत्त्व देते, हे गुपित नाही. तेथील बहुतेक नामांकित विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक जाहीर करतात. त्यातील सी-७ या तक्त्यात अभ्यासक्रमाचा कस, शालेय गुण, प्रवेशचाचणी, निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम, स्वभावगुण यांपैकी प्रत्येक घटक अत्यंत महत्त्वाचा, महत्त्वाचा, केवळ विचारात घेतला जाणारा की अजिबात न घेतला जाणारा, हे स्पष्ट नोंदवलेले असते. एजंटाला पैसे मोजण्यापूर्वी हा तक्ता वाचावा. तो फुकट आहे.

अकरावीकडे दुर्लक्ष

आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष मानले जाते. विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयात असते, तो मात्र दिवसभर क्लासमध्ये असतो, आणि अकरावीचा निकाल कसाबसा उरकला जातो. अमेरिकी विद्यापीठे साधारणपणे नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात, त्यामुळे हे मोकळे वर्ष लगेच नजरेत भरते. आजारपण किंवा घरातील अडचण यांसारखे खरे कारण असल्यास अर्जातील ‘अतिरिक्त माहिती’च्या जागेत ते दोन-तीन साध्या वाक्यांत लिहावे, कारण नसल्यास सबब रचू नये. नववीच्या प्रगतिपुस्तकाची साक्षांकित प्रत आधीच काढून ठेवावी. नियमित फेरीआधीच्या लवकरच्या फेरीत अर्ज करण्याची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते, आणि नेमकी त्याच सुमारास दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयांची कार्यालये बंद असतात.

शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे

माझ्या मते सर्वाधिक नुकसान येथेच होते. ‘सदर विद्यार्थी सुशील, कष्टाळू व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे’ हे वाक्य आपल्याकडील दाखल्यात शोभते. प्रवेश समितीला त्यातून काहीच कळत नाही. प्रयोगशाळेत टायट्रेशनचे वाचन जुळेना तेव्हा विद्यार्थ्याने आकडे ‘बसवले’ की ब्युरेट धुऊन पुन्हा सुरुवात केली, एवढी एकच गोष्ट शिक्षकांनी लिहिली तरी पत्र वाचनीय होते. अशी गोष्ट लिहिण्यासाठी शिक्षकांनी विद्यार्थ्याला वर्गात पाहिलेले असावे लागते. त्यामुळे केवळ कागदोपत्री हजेरी असणाऱ्याची येथे पंचाईत होते. उपाय म्हणून दोन विषयशिक्षकांना किमान दोन महिने आधी भेटावे आणि त्यांच्या तासातील स्वतःच्या कामाचे तपशील एका पानावर लिहून द्यावेत. पत्र स्वतः लिहून त्यावर सरांची सही घेण्याचा प्रघात सर्रास आहे. तो अप्रामाणिक तर आहेच, शिवाय निबंध आणि पत्र एकाच हातचे आहे, हे सराईत वाचकाच्या सहज ध्यानात येते.

समुपदेशकाचे पद आपल्या बहुतेक महाविद्यालयांत नसते. अर्जातील समुपदेशकाने भरायचा भाग प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरू शकतात. त्यासोबत जाणाऱ्या शाळेच्या परिचयपत्रात पटसंख्या, उपलब्ध विषय, राज्य मंडळाची गुणपद्धती आणि वर्गाची साधारण गुणश्रेणी नमूद करण्याची विनंती त्यांना करावी, कारण आपल्याकडच्या ८२ टक्क्यांचा अर्थ तेथील वाचकाला त्यावरूनच लागतो.

प्रमाणपत्रांची भरती

‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. दहाच्या दहा जागा भरल्याच पाहिजेत, या समजुतीतून दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळा आणि पैसे भरून मिळवलेले पुरस्कार तेथे येऊन बसतात. याउलट रावेर-यावलकडचा विद्यार्थी घरच्या केळीबागेत चार वर्षे राबलेला असतो, पण ते सांगण्याजोगे आहे असे त्याला वाटतच नाही. उपक्रमांच्या प्रकारांत घरची जबाबदारी आणि पगारी काम हे दोन्ही स्वतंत्रपणे दिलेले आहेत. मात्र ‘शेतीत वडिलांना मदत’ एवढ्यावर थांबू नये. नवती (नवी लागवड) आणि पीलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांपासून धरलेली बाग) यांचा वेगळा हिशेब ठेवणे, रावेर व बऱ्हाणपूरच्या भावांची रोज नोंद करून कापणीचा दिवस ठरवण्यात भाग घेणे, ठिबकच्या नळ्या साफ करणे, असे नेमके काम लिहावे. आठवड्याचे तास आणि वर्षातील आठवडे यांसाठी वेगळे रकाने असतात. तेथे फुगवलेले आकडे भरल्यास दिवसाचे चोवीस तासही पुरत नाहीत आणि सगळ्या अर्जावरचा विश्वास उडतो.

निबंधालाही हेच लागू आहे. ६५० शब्दांत गरिबीचे करुण चित्र रंगवण्याची किंवा थोरांची वचने पेरण्याची गरज नसते, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेला सफाईदार निबंध मुलाखतीत उघडा पडतो.

चाचणी, पैसा आणि नाव

सॅट ही प्रवेशचाचणी सगळीकडे ऐच्छिक झाली, ही माहिती जुनी आहे. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये प्रवेशचाचणी पुन्हा सक्तीची केली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेश ठरवताना सॅटचे गुण पाहतच नाही. त्याचा अर्जही वेगळा असून त्यात आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे लिहावी लागतात.

आर्थिक मदत मागितल्यास प्रवेश हुकेल, या भीतीने तो रकाना रिकामा सोडला जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदारांच्याही बाबतीत प्रवेशाचा निर्णय घेताना ऐपत विचारात घेत नाहीत. इतर बहुतेक ठिकाणी ती विचारात घेतली जाते, हे खरे आहे. तरीही प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक विद्यापीठे पुढील वर्षांत मदत देत नाहीत, म्हणून वर्षाला काही दशलक्ष रुपयांचा खर्च झेपणार नसेल तर सुरुवातीलाच तसे सांगावे. ‘अर्ली डिसिजन’ची लवकरची फेरी बंधनकारक असते, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जावे लागते, म्हणून खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय आईवडिलांनी त्यावर सही करू नये.

राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असते. अर्ज, सॅट आणि इंग्रजीची परीक्षा या तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे. नावे जुळली नाहीत, तर गुण पोहोचूनही अर्ज अपूर्ण दाखवला जाऊ शकतो. तसे झाल्यास नवा अर्ज भरू नये. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख देऊन प्रवेश कार्यालयाला ईमेल करावा.

अर्ज पाठवला म्हणजे काम संपले, हा समज

बारावीच्या प्रथम सत्राचे गुण महाविद्यालयाकडून नंतर पाठवावे लागतात, आणि त्याच दिवसांत प्रात्यक्षिक परीक्षांची धावपळ असते. म्हणून त्याची तारीख प्राचार्यांना डिसेंबरमध्येच कळवावी. नियमित फेरीचे निकाल बहुधा मार्चअखेर लागतात आणि होकार कळवण्याची मुदत साधारण १ मे असते, म्हणजे आपला बोर्डाचा अंतिम निकाल हाती येण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागू शकतो. प्रवेश मिळाला म्हणून अभ्यास सोडल्यास आणि गुण फार घसरल्यास तो रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठाकडे असतो. गुण घसरलेच, तर विद्यापीठाच्या पत्राची वाट न पाहता गुणपत्रिका आणि कारणे स्वतःहून कळवावीत.