सांगलीत बिऱ्हाड थाटताना: आधी वायर बघा, मग भांडी लावा

परभणीहून सांगलीत उतरलो तेव्हा दोन ट्रंका, एक कूलर आणि सहा महिन्यांची लेक एवढाच आमचा संसार. त्याला बावीस वर्षं झाली. कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागलेली नवी मंडळी अजून आमच्याकडे चौकशीला येतात. खोली कुठे मिळेल, शाळा कोणती, नळाला पाणी किती वाजता. आगीचं कुणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगते.

आमचं पहिलं घर खणभागातल्या जुन्या वाड्यात. लाकडी तुळया, मातीच्या भिंती, दुपारी गारवा, भाडं कमी. वायरी मात्र लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या आणि फ्यूज चिनी मातीचे. एप्रिलमध्ये कूलर, फ्रिज आणि इस्त्री एकदम चालायला लागली आणि दिवसाआड फ्यूज उडायला लागला. नवऱ्याने वैतागून त्यात जाड तार बांधली. फ्यूज उडायचा थांबला आणि आम्ही खूश. आठवड्याने रात्री माळ्याजवळून रबर जळल्याचा वास आला. वर चढून बघतो तर पट्टीवरची वायर वितळून लाकूड काळं पडलेलं आणि हातभर अंतरावर आमच्या गाद्यांची वळकटी. फ्यूजची तार मुद्दामच बारीक असते, आधी तिने जळावं म्हणून. ती जाड केली की जळायची पाळी भिंतीवरच्या वायरीवर येते. हे शहाणपण आम्हाला त्या रात्री आलं.

तेव्हा खोली बघायला जाल तेव्हा मोरी आणि ओटा बघण्याआधी मीटरपाशी जा. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, आहेत का, अर्थिंग आहे का, विचारा. करंट गळाला की आपोआप बंद पडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवलेला असेल तर उत्तमच. बोर्ड हाताला गरम लागतो का, पिन घातल्यावर आत चरचरतं का, बघा. मालकाला हे विचारायला नवी माणसं लाजतात. लाजू नका, इथली माणसं बोलायला रोखठोक, तुम्हीही तसंच बोला. घरातल्या पक्क्या वायरिंगची दुरुस्ती मालकाने करायची, हे आगाऊ पैसे देण्याआधीच ठरवून टाका.

बारीक पिनेचं सॉकेट ६ अँपिअरचं. २३० व्होल्टला जेमतेम १४०० वॅट. गिझर किंवा इंडक्शन २००० वॅटचं असेल तर त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि जाड वायर हवी. एक्स्टेंशन बोर्डावर गिझर लावणारी बिऱ्हाडं मी पाहिली आहेत. बादलीत हीटरची कांडी सोडून पोरांना उठवायला जाणारेही कमी नाहीत. पाणी आटलं किंवा बादली प्लास्टिकची असली की काय होतं ते सांगायला नको.

जुन्या घरांत अजून परसात तांब्याचा बंब पेटतो. आम्ही ज्यांना गोवऱ्या म्हणतो त्यांना इथे शेणी म्हणतात. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी ‘चार शेणी आण गं’ म्हटल्यावर मी नुसती बघत राहिले होते. शेणीची राख वरून पांढरी, गार दिसते, पण आत निखारा तासन् तास जिवंत असतो. ती प्लास्टिकच्या डब्यात भरून जिन्याखाली ठेवू नका. पाणी मारा, दुसऱ्या दिवशी उचला.

आता गॅस. टाकी आली की वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर अक्षर आणि आकडा बघा. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. डी-२७ म्हणजे २०२७ च्या डिसेंबरपर्यंत टाकीची चाचणी वैध. तारीख उलटलेली असेल तर परत पाठवा. नळी आयएसआय शिक्क्याची घ्या, पाच वर्षांनी बदला आणि रात्री रेग्युलेटर बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दिवा लावू नका, चालू पंखा बंदही करू नका, बटणाची ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, बाहेर या आणि मग १९०६ ला फोन करा.

सांगलीत एक गोष्ट जास्तीची, ती म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा शहरात शिरली, २०२१ च्या जुलैत पुन्हा. पाण्याने आग कशी लागेल, असं तुम्हाला वाटेल. टाकी पाण्यावर तरंगते आणि नळीला हिसके देते. म्हणून घर सोडताना रेग्युलेटर काढून टोपी लावा, मेन स्विच पाडा. पाणी ओसरल्यावर सगळ्यांना आधी दिवे लावायची घाई असते. बोर्डात गाळ बसलेला असतो, वायरी आतून ओल्या असतात. वायरमनने तपासल्याशिवाय मेन चढवायचा नाही, शेजाऱ्यांचे दिवे लागले तरी.

देवघर लाकडी असेल तर समई परातीत पाणी घालून त्यात ठेवा, विशेषतः नवरात्रात. भज्यांची कढई पेटली तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद, वर झाकण, आणि कढई जागची हलवायची नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. हळदीच्या गावात हे म्हटलं तर लोक हसतात, पण खरंच लावू नका.

ई-स्कूटर रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. वाड्याला बाहेर पडायला तो एकच जिना असतो. आणि गाड्या बोळाच्या एकाच बाजूला लावा. १०१ ला फोन केल्यावर येतो त्यालाही बंबच म्हणतात आणि तो परसातल्या बंबाएवढा नसतो. चोरांच्या भीतीने जाळीच्या दाराला आतून कुलूप लावत असाल तर किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, पोरांचा हात पोचेल इतक्या उंचीवर. आमची लेक सासरी गेली, तो खिळा अजून तिथेच आहे.