अ‍ॅमस्टरडॅममध्ये सायकल घेताय?
भाड्याची सायकल ताब्यात घेतलीत की आधी ब्रेक बघा. तिथे बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. दुकानासमोरच दोन चकरा मारून पायाला सवय लावा. खरी भीती गाड्यांपेक्षा ट्रामच्या रुळांची. खाचेत चाक गेलं की माणूस आडवाच! रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, पावसात तर हमखास. वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे डावीकडे वळताना आपली इथली सवय घात करते. रस्त्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणांचं टोक तुमच्याकडे असेल, तर आडव्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या. फोटोसाठी सायकलमार्गात मध्येच थांबू नका. मागचे वैतागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. चालवताना फोन हातात धरला तर २०१९पासून दंड होतो.