चहा निवायच्या आत: ओळखीच्या माणसाला ख्रिस्ताबद्दल कसं सांगावं

‘तुम्ही दर रविवारी न चुकता चर्चला जाता, ते का हो?’ असं ऑफिसात कुणी सहज विचारलं, की काहींची वाचा बसते आणि काहींची गाडी थेट आदाम-हव्वेपासून सुटते. विचारणाऱ्याला मात्र चहा संपवून जागेवर जायचं असतं. म्हणून तयारी आधीच हवी.

साक्ष, म्हणजे आपण विश्वासाकडे कसे आलो ती आपली गोष्ट, कागदावर उतरवा. एक पान, साधारण 300 शब्द. बोलायला तीनेक मिनिटं लागतात. आधी मनात कोणता प्रश्न किंवा ओझं होतं, येशूमधलं नेमकं काय भिडलं आणि आज घरात, कामात काय वेगळं आहे, एवढंच लिहा. मधला भाग सर्वांत मोठा ठेवा. पुष्कळदा उलटं होतं: जुन्या व्यसनांवर दोन मिनिटं जातात आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात बाटली राहते, ख्रिस्त नाही. वसईत किंवा अहिल्यानगरकडे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतल्यांना वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी आईवडिलांचा विश्वास आपला स्वतःचा कधी झाला, तिथून सुरुवात करावी.

मग चर्चमधले शब्द खोडा. हे काम सर्वांत जास्त टाळलं जातं. ‘माझं तारण झालं’ म्हटलं की समोरच्याला सोनेतारण कर्ज आठवतं. ‘अभिषेक’ म्हटलं की पिंडीवरची धार. ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट. त्याऐवजी ‘देवानं मला माफ केलं, हे मला पटलं’ असं सरळ म्हणावं. लिहिलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. जिथे आवाज प्रवचनाचा होतो, तिथे वाक्य बदला. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण ओवीत आणलं, ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत गायली. ऐकणाऱ्याच्या कानाला सरावाची भाषा शोधायचं काम नवं नाही.

एक दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली छोटी गोष्ट, तोंडपाठ ठेवा. बायबलमधल्या लूकच्या 15व्या अध्यायातला हरवलेल्या नाण्याचा दाखला मिनिटभरात होतो. बाईजवळ दहा नाणी, एक हरवलं. तिनं दिवा लावला, घर झाडलं, कोपरान्‌कोपरा धुंडाळला. सापडल्यावर मैत्रिणींना, शेजारणींना हाक मारली. येशू म्हणतो, एक पापी मागे फिरला की देवाकडे असाच आनंद होतो. इथे थांबा. लगेच ‘याचा अर्थ असा की…’ सुरू केलं की गोष्टीची शिकवणी होते. समोरच्यानं काही विचारलं, तर पुढे बोला.

नाताळात शेजारी फराळाचं ताट जातंच. त्यात करंज्या असाव्यात, पत्रक नको. खाऊसोबत पत्रक आलं की खाऊ आमिषासारखा दिसू लागतो. तेच पैशांच्या किंवा औषधांच्या मदतीचं. मदत केलीत त्या दिवशी धर्माचा विषय आपण होऊन काढू नये.

मर्यादा माहीत असू द्या. संविधानाचं कलम 25 धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं. मध्य प्रदेशात 1968 पासून, गुजरातेत 2003 पासून याविषयी कायदे आहेत. आपल्या राज्यात सध्या काय लागू आहे, ते वकिलाला विचारा. हाताखालच्या माणसाशी वरिष्ठानं हा विषय काढू नये, कारण तो ‘नको’ म्हणू शकत नाही. मुलांशी बोलायचं तर पालकांना आधी विचारावं. दुसऱ्याच्या देवावर शेरा मारलात, तर पुढचं काहीच ऐकलं जात नाही, आणि ते योग्यच आहे.

आजाऱ्याकडे गेलात तर ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ एवढं विचारा. ‘हो’ आलं तर एक मिनिट, हळू आवाजात, रुग्णाचं नाव घेऊन. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. ‘बरे व्हालच’ असं वचन देऊ नका आणि औषध बंद करा असं तर कधीही म्हणू नका.

कुणी वाचायला मागितलं, तर मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं छोटं पुस्तक द्या. 16 अध्याय, दीडेक तासात संपतं. जाड बायबल दिलं, तर पुष्कळजण उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात. दिल्यावर ‘वाचलंत का?’ म्हणून मागे लागू नका.

आणि कुणी आपण होऊन म्हणालं, ‘एकदा चर्चमध्ये येऊन बघतो’, तर आधी सगळं सांगून ठेवा: उपासना किती वाजता सुटते, गाण्याला उभं राहतात, दानाची थैली फिरेल तेव्हा काही टाकायची गरज नाही, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या वेळी जागेवरच बसून राहिलं तरी चालतं. नाहीतर सगळे उठून पुढे जाताना तो एकटाच ओशाळून बसतो. त्या रविवारी मागच्या बाकावर त्याच्या शेजारी बसा आणि गीताचं पान काढून द्या.