काजूला मोहोर येतोय: आगीपासून आणि ढेकण्यापासून भाट राखा

गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगेच्या डोंगरांवर काजूची नवी पालवी लालसर चमकू लागली आहे. लवकर येणाऱ्या झाडांच्या शेंड्यांना मोहोरही दिसतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसाची जी धास्ती, तीच आपल्याला डिसेंबर-जानेवारीतल्या ढगांची. त्यांना निदान वेलींवर प्लास्टिक अंथरता येते, आपल्या डोंगरउतारावर तीही सोय नाही.

ढगाळ हवा राहिली की ढेकण्या हा किडा वाढतो. कोवळ्या शेंड्याचा रस तो शोषतो, तिथे काळपट डाग पडतात आणि पाहता पाहता अख्खा तुरा करपतो. आठवड्यातून दोनदा सकाळी भाटात, म्हणजे काजूच्या बागेत फिरा. पालवी फुटताना, मोहोर बाहेर पडताना आणि बी धरताना, या तीन वेळा विशेष लक्ष द्या. प्रादुर्भाव दिसला तर औषध आणि त्याचे प्रमाण विभागीय कृषी कार्यालयात विचारूनच घ्या. फवारणी संध्याकाळी करा, सकाळी उमललेल्या फुलांवर माश्या असतात. झाडावर हुमल्यांची (लाल मुंग्यांची) घरटी असतील तर ती मोडू नका. काढणीला चावतात हे खरे, पण ढेकण्याला तेच आवरतात.

आता आगीचे. बोंडू (काजूचे फळ) वेचायला जमीन साफ हवी म्हणून पालापाचोळा पेटवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती सोडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासचे डोंगर कित्येक दिवस धुमसत होते, ते आपण सर्वांनी पाहिले. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे मेपर्यंत जमीन कोरडी पडते. त्या काळात झाडाच्या वरवरच्या मुळांना पालापाचोळ्याचेच पांघरूण असते. तेच जाळले तर ओल जाते आणि मुळेही भाजतात. त्याऐवजी गवत यंत्राने कापा आणि आळ्यात पसरा. खोडापासून मात्र हातभर जागा मोकळी ठेवा. बुंध्याशी भोके, भुसा किंवा डिंक दिसला तर तो खोडकिडा. साल जपून तासून अळी बाहेर काढा. भाटाच्या कडेने आतापासूनच आगपट्टा मोकळा करून ठेवा.

बोंडूच्या रसाची दारू गाळायला भाटी (भट्टी) लावणाऱ्यांनी लाकडाची सोय आजच बघावी. गेल्या हंगामानंतर छाटलेल्या फांद्या आडोशाला रचून ठेवल्या असतील तर आता त्या खडखडीत वाळल्या असतील. ओले लाकूड दुप्पट लागते, धूर होतो आणि आच एकसारखी राहत नाही. वाफ थंड करायचे पाणी ओतून देऊ नका. दुसऱ्या टाकीत निवू द्या आणि परत वापरा. एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते तेव्हा याची किंमत कळते.

उन्हाळा कडक झाला की झाडाखाली पडलेला बोंडू दुपारपर्यंत तिथेच आंबू लागतो. म्हणून सकाळीच वेचा, चिरडलेला आणि बुरशीचा बाजूला काढा, रस त्याच दिवशी काढा. आंबवायची भांडी सावलीत ठेवा. एरवी तीन दिवस लागतात, पण उष्म्यात रस त्याआधीच तयार होतो. फेस बसला की भाटीवर चढवा, नाहीतर आंबटपणा पहिल्या गाळपाच्या हुर्राकात उतरतो आणि तिथून फेणीत. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण गिऱ्हाईक परत येते ते चवीसाठी.

नवी रोपे लावायची असतील तर उतारावर आडवे चर मे महिन्यातच खणून ठेवा. पहिल्या पावसाचे पाणी तिथेच मुरले पाहिजे.