परमकॅथवाल्या पेशंटला परत परत ताप येतोय? या चुका टाळा

परमकॅथ म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत, बहुतेक वेळा मानेतून, बसवलेली नळी. डायलिसिसच्या मशीनला लावल्यावर तासाभरात पेशंटला हुडहुडी भरली, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते नळीचंच इन्फेक्शन समजायचं. पण होतं काय? 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणत अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं जातं, घरी पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि पुढच्या डायलिसिसला तीच थंडी पुन्हा वाजते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

न घासलेल्या माठाला आतून बुळबुळीत थर धरतो, तसाच जंतूंचा थर नळीच्या आत धरतो. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. मशीन सुरू झालं की त्यातले जंतू रक्तात सुटतात, म्हणून थंडी नेमकी तेव्हाच वाजते. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूंना अँटिबायोटिक मारतं. थरातल्या जंतूंना मात्र त्याच्या शेकडो पट औषध लागू शकतं आणि तेवढं शरीराला झेपत नाही. त्यामुळे कोर्स चालू असेपर्यंत बरं वाटतं, संपला की ताप हजर.

दुसरी चूक म्हणजे ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे ते शोधणाऱ्या तपासणीच्या आधी अँटिबायोटिक. जवळच्या दवाखान्यातून आणलेल्या दोन गोळ्या पोटात गेल्या तरी कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं, मग जंतू कोणता हे कळायचं कसं? एक नमुना नळीतून, दुसरा हाताच्या शिरेतून घ्यावा. पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडणं) करायचा असेल तर शीर मनगटाच्या वरची नको, शक्यतो दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागची बघा. कल्चर घेतलं की मात्र रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू व्हायला हवं.

नळी वाचवायचा हट्ट समजू शकतो. नवीन नळीचा खर्च असतो, शिराही मोजक्याच. पण कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस, स्यूडोमोनास किंवा कँडिडा हा जंतू निघाला तर बहुतेक वेळा नळी काढावीच लागते. उशीर झाला तर जंतू हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात जाऊन बसतात. तापासोबत कंबर किंवा पाठ धरली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. जंतू सौम्य असेल आणि ताप दोन-तीन दिवसांत उतरला, तर त्याच जागी तारेवरून नळी बदलता येते, किंवा शिरेतून औषध चालू ठेवून नळीतही अँटिबायोटिक लॉक (दोन डायलिसिसच्या मधल्या काळात नळीत भरून ठेवलेलं औषध) भरतात. नुसत्या लॉकवर भागत नाही.

रोजच्या गोष्टी थोडक्यात. नळी जोडताना-काढताना पेशंट आणि टेक्निशियन दोघांच्या तोंडाला मास्क हवा. टोपण उघडलं की नळीचं तोंड अँटिसेप्टिकने किमान 15 सेकंद घासून सुकू द्यायचं. 'दादा, मास्क लावता का?' असं विचारायला नातेवाइकांनी अजिबात संकोचू नये. सलाइन किंवा रक्ततपासणीसाठी ही नळी वापरू देऊ नका. ड्रेसिंग भिजलं तर लगेच बदलून घ्या.

आणि फिस्टुला 'बघू पुढे' म्हणून टाळू नका. तो तयार व्हायला साधारण 6 आठवडे ते 3 महिने लागतात आणि तोवर नळी आतच राहते. नळी बसवली त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून फिस्टुलाची तारीख घ्या, आणि ज्या हातावर तो करायचा त्या हाताला सुई टोचू देऊ नका.