इटालियन-अमेरिकन घरातला नाताळचा स्वयंपाक : या चुका टाळा

पाककृती हरवली म्हणून सण बंद पडला, असं घर माझ्या पाहण्यात नाही. पाककृतीची चिठ्ठी बहुतेक घरांत जपलेली असते. नसते ती बाकाला (खारवलेला मासा) खारट झाला तर आता काय करायचं हे सांगणारी आजी. मग दोन-तीन नाताळ फसतात आणि घरचे हॉटेलात टेबल सांगून मोकळे होतात. न्यू जर्सीतल्या माझ्या सासरच्या गोतावळ्यात हे होताना पाहिलंय, आणि जिवाला लागतं. अशा घरांत आता मराठी सुनाजावईही आहेत. हे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हे जेवण मनापासून आवडतं त्या सगळ्यांसाठी.

सात म्हणजे सातच, हा हट्ट

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेत आली. त्यातली बहुतेक दक्षिणेकडची : नेपल्स, कालाब्रिया, सिसिली, आब्रुझो. नाताळच्या आदल्या दिवशी मांस खायचं नाही हा कॅथलिक उपास त्यांनी सोबत आणला आणि २४ डिसेंबरच्या रात्री माशांचं जेवण होऊ लागलं. आज ते 'सात माशांची मेजवानी' म्हणून ओळखलं जातं. घरातली म्हातारी माणसं अजूनही नुसतं 'ला विजिलिया', म्हणजे सणाची आदली रात्र, म्हणतात. सातच का, याची उत्तरं घरोघरी वेगळी. कुणी चर्चचे सात संस्कार सांगतं, कुणी सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस. इटलीत सातचा असा नियमच नाही, आणि इथेही काही घरांत नऊ, काहींत तेरा पदार्थ होतात.

तरी सात भरायचे म्हणून एकच बाई दोन दिवस ओट्याशी उभी असते. ती थकली की सगळंच थांबतं. तीन पदार्थ करा, पण नीट करा. एकेका घराने एकेक पदार्थ वाटून घ्या आणि निदान तीन-चार वर्षं तोच करा, म्हणजे हात बसतो. मासा आणण्यापासून ताटात वाढण्यापर्यंत सगळं त्या घराने करायचं. नुसता लसूण सोलून दिल्याने कुणी तयार होत नाही.

बाकाला : उशिरा भिजवणं, सगळे तुकडे सारखेच भिजवणं

बाकाला म्हणजे मिठात मुरवून सुकवलेला कॉड. सर्वांत जास्त घात याच पदार्थात होतो, आणि तो २४ तारखेला कळतो, म्हणजे इलाज हातातून गेल्यावर. जाड तुकड्यांना दोन ते तीन दिवस लागतात. २१ तारखेला संध्याकाळी वरचं मीठ धुऊन टाका, तुकडे गार पाण्यात बुडवा आणि भांडं फ्रिजमध्येच ठेवा. जुन्या काळी ते गार तळघरात ठेवत; आजच्या उबदार घरात ओट्यावर ठेवलं तर मासा बिघडतो. पाणी दिवसातून तीनदा बदला.

शेपटीकडचा पातळ तुकडा आणि मधला जाड तुकडा एकाच वेळी बाहेर काढणं ही यातली लपलेली चूक. पातळ तुकडा दिवसभरात तयार होतो. आणखी भिजला तर बेचव आणि भुसभुशीत. तो आधी काढून, पुसून, झाकून ठेवा. २३ तारखेला जाड तुकड्याच्या अगदी मधला नखाएवढा भाग काढून मिनिटभर उकळा आणि चाखा. कडेचा चाखू नका, कड नेहमी फसवते. खारट लागला तर अजून एक रात्र हातात आहे.

शिजवताना सॉसमध्ये मीठ घालायचंच नाही. ऑलिव्ह आणि केपर (मुरवलेल्या आंबट-खारट कळ्या) आधीच खारट असतात. एवढं करूनही खारट झालाच, तर बिनमिठाचे उकडलेले बटाटे आणि बिनमिठाचे टोमॅटो वाढवा. पदार्थ वाढेल, खारटपणा विभागला जाईल. मीठ न लावता नुसता वाळवलेला कॉडही दुकानात मिळतो, त्याला स्तोक्काफिस्सो म्हणतात. तो वेगळा, आणि त्याला बरेच जास्त दिवस भिजवावं लागतं. विकत घेताना विचारूनच घ्या.

माकुल आणि तिसऱ्या

कॅलमारी, म्हणजे आपलं माकुल, एक तर दोन मिनिटांत उतरवा नाही तर मंद आचेवर पाऊण तास शिजू द्या. मधल्या वेळात ते रबर होतं. रबर झालंच तर घाबरून गॅस बंद करू नका. उलट सॉसमध्ये आणखी अर्धा तास राहू द्या, मऊ पडतं. नेमकं याच क्षणी लोक भांडं उतरवतात आणि पाहुण्यांपुढे रबर जातं.

तिसऱ्या वाळू सोडायला साध्या पाण्यात ठेवल्या तर मरतात. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून गार पाणी करा आणि अर्धा-पाऊण तास ठेवा. मग हाताने उचलून बाहेर काढा. चाळणीत ओतल्या तर तळाची वाळू पुन्हा त्यांच्याच अंगावर पडते. शिजवण्याआधी उघडी असलेली तिसरी टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या. शिजल्यावर न उघडलेलीही टाका.

स्ट्रुफोली : मध उकळणं

नेपल्सकडचा हा पदार्थ. कणकेच्या बारीक गोळ्या तळून मधात घोळवायच्या आणि त्यांची रास रचायची. शंकरपाळ्या तळणाऱ्या हाताला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल : पीठ घट्ट झालं की दगड, तेल कमी तापलं की तेलकट. गोळी हेझलनटएवढीच ठेवा, कारण तळताना फुगते. पीठ निदान अर्धा तास झाकून ठेवा, तेल १७५ अंश सेल्सियसच्या आसपास असू द्या आणि थोड्या थोड्या गोळ्या सोडा.

खरी गडबड मधात होते. मध नुसता पातळ होईपर्यंत गरम करायचा. खळखळ उकळला तर गार झाल्यावर चिक्कीसारखा धरतो आणि रास फोडायला सुरी लागते. तसं झालंच तर चमचाभर संत्र्याचा रस शिंपडून ताट मंद ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवा आणि हलक्या हाताने परता. रंगीत साखरेचे दाणे मध कोमट झाल्यावरच भुरभुरा, नाहीतर रंग सुटून सगळं करडं दिसतं. आधी करून ठेवायचं असेल तर तळलेल्या गोळ्या कोरड्याच डब्यात भरा, मध त्याच दिवशी.

आजीची पाककृती 'सुधारणं'

कुणी तरी इटलीची सहल करून येतं आणि रविवारच्या टोमॅटो-मांसाच्या सॉसकडे बघून म्हणतं, "हे खरं इटालियन नाहीच." मला हे ऐकवत नाही. गावाकडे क्वचित मिळणारं मांस अमेरिकेत रोज परवडू लागलं, डबाबंद टोमॅटो बारा महिने मिळू लागले, आणि त्यातून या बायकांनी स्वतःचा स्वयंपाक उभा केला. तो जसा आहे तसा लिहून ठेवा. इटलीतल्या पुस्तकाशी जुळवायला गेलात तर ना इटलीचा राहील, ना घरचा.

मूळ गाव मात्र जरूर विचारा. चिठ्ठीवरचं अर्धवट वाक्य त्याच प्रांताच्या पाककृती बघून पुरं करता येतं. अंजिराचं सारण भरलेली कुच्चिदाती बिस्किटं असतील तर सिसिली, साच्यात दाबून भाजलेली, बडीशेपेच्या वासाची पातळ पिट्झेले असेल तर बहुधा आब्रुझो.

"किती घालता?" असं विचारणं

नोना, म्हणजे आजी, उत्तर देते, पण तिचे हात वेगळंच करतात. तिला थांबवून मोजायला लावलं की हातच अडखळतो. त्याऐवजी पिठाची पिशवी सुरुवातीला वजनकाट्यावर ठेवा, काम झाल्यावर पुन्हा ठेवा. फरक तेवढं पीठ. तेलाच्या बाटलीचं, साखरेच्या डब्याचंही तसंच. माझ्या सासूबाई पीठ एका जुन्या कॉफीच्या कपाने घेतात. चिठ्ठीत '६ कप' आहे, पण तो कप बाजारातल्या मापाचा नाही. त्यात काठोकाठ पाणी भरून, ते मोजून, आकडा चिठ्ठीच्या प्रतीवर लिहिला आणि मग कुठे नणंदेचं पीठ जमलं. टोमॅटोचा 'एक मोठा डबा' म्हणजे बहुधा २८ औंसांचा, सुमारे ७९४ ग्रॅम, तेही लिहा. ॲनिस (बडीशेपेसारख्या वासाचा मसाला) तेलाच्या रूपात की अर्काच्या, हे तर लिहाच. तेल कितीतरी पट तीव्र असतं; अर्काच्या मापाने घातलं तर तोंडात धरवत नाही.

मूळ चिठ्ठ्यांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने गोंद कागदाला कायमचा चिकटतो, नंतर काढता येत नाही. दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, कारण मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेली दुरुस्ती हमखास सापडते. मूळ कागद आम्लविरहित पाकिटात, स्वयंपाकघराच्या वाफेपासून लांब ठेवा आणि ओट्यावर प्रत वापरा.

पिट्झेले : पहिलीलाच हार मानणं

पहिली एक-दोन चिकटतातच. साचा पुरेसा तापलेला नसतो. तापू द्या, तेलाचं बोट फिरवा, पुढची सुटेल. साच्यावरून काढल्यावर एकावर एक रचू नका, जाळीवर सुटी पसरा. वाफ कोंडली की मऊ पडतात. मऊ पडलेली १५० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये काही मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात.

जुना, गॅसवर धरायचा साचा घरात असेल तर तो डिशवॉशरमध्ये घालू नका, कोरड्या ब्रशने झाडा. बऱ्याच नव्या विजेच्या साच्यांत पिट्झेले जाड होते, म्हणून बरेच जण जुनाच मागतात. तो ज्याला मिळणार त्याच्या घरची शेगडी आधी बघून घ्या : ॲल्युमिनियमचा साचा नेहमीच्या इंडक्शनवर तापत नाही, त्यासाठी छोटी सुटी गॅस शेगडी घ्यावी लागते.