पित्त उठलं की ॲनाफिलॅक्सिस? ओळखायचं कसं, करायचं काय

कोळंबी किंवा शेंगदाणा खाल्ल्यावर, गांधीलमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठल्या, की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘पित्त उठलंय, आमसूल लाव.’ नुसत्या गांधी आणि खाज असेल तर सेटिरिझिनवर (ॲलर्जीच्या गोळीवर) भागतं. पण त्याबरोबर आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, घसा आवळला, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, भोवळ आली किंवा उलट्या थांबेनात, तर ती जिवावर बेतणारी ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. लहान मूल एकाएकी मलूल, पांढरंफटक पडतं. काहींच्या अंगावर गांधी उठतच नाहीत, त्यामुळे कातडी स्वच्छ दिसली तरी गाफील राहू नका.

लगेच १०८ लावा. रुग्णाला आडवं करून पाय उशीवर ठेवा. दम लागला असेल तर पाय लांब करून बसवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवा. आणि कृपा करून रिक्षापर्यंत चालवत नेऊ नका. रक्तदाब उतरलेला असताना उभं केलं की रक्त पायांत उतरतं, हृदयाकडे परतत नाही आणि ते तिथल्या तिथे बंद पडू शकतं. उचलून, आडवंच न्या. मधमाशीचा काटा रुतलेला असेल तर नखाने ताबडतोब खरवडून काढा. त्याची पिशवी विष सोडतच राहते.

जीव वाचवणारं औषध ॲड्रेनलिन. ॲम्प्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) १ मिलीचं, त्यात १ मिग्रॅ. इंजेक्शन द्यायला शिकलेल्या माणसाने ते मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं: १२ वर्षांवरील सर्वांना ०.५ मिली, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ०.३, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना ०.१५. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई आखूड, ती स्नायूपर्यंत पोचत नाही. हाच डोस शिरेत गेला तर ठोके बिघडतात. औषध गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर वापरू नका. ५ मिनिटांत उतार नाही पडला तर तेवढाच डोस पुन्हा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध), डेक्सोना (स्टेरॉइड) देऊन वाट बघत बसणं. ॲव्हिलने खाज शमते, पण घसा मोकळा होत नाही, रक्तदाबही चढत नाही. डेक्सोनाचा परिणाम दिसायला काही तास जातात. दवाखान्यात पोचताच सरळ विचारा, ‘ॲड्रेनलिन दिलं का?’

बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका. काही तासांनी तोच त्रास उलटू शकतो; ६ ते १२ तास देखरेखीखाली राहू द्या.